कागदावरचा स्लॅब

गुडगाव,
ता. १९ जानेवारी २००३, रविवार

ताई,

चेतनचा जयभीम. तात्यांना, आईला आणि अक्षतालाही सांग. मी बरा आहे. थंडी फार आहे, अंगात दोन स्वेटर घालून लिहितोय, त्यातला एक उत्तरेश्वरचा. उत्तरेश्वर म्हणजे माझ्या खोलीत राहतो तो, उमरग्याकडचा. स्वयंपाक तो करतो, भांडी मी घासतो.

तुझं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. तिथल्या वॉचमनने चार दिवसांनी आणून दिलं. नवीन पत्ता मागे लिहिलाय. जुन्या कंत्राटदाराचं आणि माझं पटलं नाही. तू म्हणशील, तुझं कुणाशी पटतं. ते बरोबर आहे. पण तो माणूस वीस फुटांवर चढवायचा आणि खाली शिडी धरायला कुणाला उभं करत नव्हता. नवा बरा आहे, फक्त पैसे काम ताब्यात दिल्यावर देतो. त्यामुळे या महिन्यात मनीऑर्डर जमली नाही. पुढच्या महिन्यात नक्की.

काम तेच, फॉल्स सीलिंगचं. एका अमेरिकन कंपनीचं ऑफिस आहे, चार मजले. इथे पोरंपोरी रात्रभर फोनवर इंग्रजी बोलणार म्हणे. आम्ही वर जाळी टांगतो आणि तिच्यात पांढऱ्या टाइल बसवतो. अक्षताला सांग, कोर्स झाला की असल्या ऑफिसात बसशील, तेव्हा एकदा वर बघ.

आता तू विचारलंस त्याचं.

तात्यांच्या सिक्युरिटीवाल्याने दोन महिने पगार दिला नाही, आईचे पाच डबे बंद झाले आणि तुझ्याकडे एकाच खर्चापुरते पैसे आहेत, हे कळलं. अक्षताची परीक्षा फी आठशे, दहा फेब्रुवारीपर्यंत. घराचा विमा आठशे चाळीस, सतरापर्यंत. आई म्हणते, आपल्या पत्र्याच्या घराला कसला आलाय विमा, एवढं वर्ष सोडा. तात्या म्हणतात, उपाशी राहीन पण विमा सोडणार नाही. आणि तू लिहितेस, विमा तूच आणला होतास, तूच काय ते सांग.

माझं म्हणणं, सोडू नका. कारण घरात आईच्या दोन मोठ्या शेगड्या आहेत. मागच्या खोलीतली वायर किती जुनी आहे ते मला माहीत आहे, मीच ओढलेली आहे. शेजारी भंगारवाल्याने रद्दीचा ढीग लावलाय. आणि तात्यांचं म्हणशील तर त्यांचं वस्तीतलं घर जळालं होतं. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला आठवतं, मला नुसतं ऐकून माहीत. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, शिलाई मशीन होतं कशावरून, पावती दाखवा. पावती मशीनबरोबर जळाली होती. त्याने 'किरकोळ सामान' लिहिलं आणि गेला. तेव्हापासून तात्यांना कागदाची किंमत. त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका.

एक सांगायचं राहिलं. पॉलिसी ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे तिच्यातच राहू दे. उगाच बाहेर काढून वाचत बसू नका, कागद जुना झालाय, घडीवर फाटतो. आणि पैसे भरायला कुणी बुधवार पेठेत जायची गरज नाही. एजंटकडे मनीऑर्डर केली तरी चालते. तात्यांचे गुडघे दुखतात, उगाच दोन बस बदलायला लावू नको.

पत्रे काढून स्लॅब टाकायचं माझ्या डोक्यात आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत काहीतरी करतो.

आईला म्हणावं, मी जेवतो.

चेतन


गुडगाव,
ता. ४ फेब्रुवारी २००३, मंगळवार

ताई,

जयभीम. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय. शुक्रवार-शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल असं पोस्टातला म्हणाला. पडलं की उभ्या उभ्या वाच आणि सोमवारपर्यंत काय ते कर. खुशाली वगैरे नंतर.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्यात लिहिलंस, की माझं पत्र तात्यांनी स्वतः सगळ्यांना वाचून दाखवलं, आई गप्प बसली आणि ठरलं की सोमवारी दहा तारखेला तात्या जाऊन विमा भरणार, अक्षताची परीक्षा या वेळी राहू द्यायची. माझ्या पत्राने असं होईल हे मला कळायला पाहिजे होतं. म्हणून रविवारी गल्लीतल्या विमलाबाईंच्या घरी फोन केला. मला तुझ्याशी बोलायचं होतं, तू दुकानात कामाला गेली होतीस. तात्या आले फोनवर. म्हणाले, "पत्र वाचलं. पहिल्यांदाच घराचा विचार करून काहीतरी लिहिलंस." मग मागून अक्षताचा आवाज आला, "दादा, सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे रे, माझं काही अडत नाही." बूथवरचा मीटर पळत होता. मी बरं म्हणालो आणि ठेवला.

ताई, तो विमा आपल्या घराचा नाही.

म्हणजे नाव तात्यांचं आहे, पत्ता आपला आहे, पण त्यात लिहिलेलं घर स्लॅबचं आहे. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर स्लॅब. किंमतही स्लॅबच्या घराची लावली आहे. आपल्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. उद्या काही झालं आणि बघायला माणूस आला तर तो पहिल्यांदा वरच बघेल.

हे मी केलंय. कसं झालं ते सांगतो.

सन दोन हजारचा फेब्रुवारी. मी तेव्हा बुधवार पेठेत रेडिओ-टेपच्या दुकानात होतो आणि एजंट यज्ञेश्वर साहेबांचं ऑफिस त्याच जिन्याने वर. म्हणून तात्यांनी मला पाठवलं. फॉर्म इंग्रजी होता. तात्यांनी घरीच कोऱ्या फॉर्मवर खाली सही करून दिली आणि म्हणाले, "बाकीचं साहेब भरतील. तू फक्त विचारतील ते नीट सांग." साहेबांच्या समोर दुसरं एक जोडपं बसलेलं होतं, बंगल्याचा विमा काढायला आलेलं. साहेब मान खाली घालून लिहीत होते.

"भिंती?"

"विटांच्या."

"छत?"

मी गप्प.

"काय रे, घरच आहे ना? की मांडव घातलाय? वर काय आहे?"

त्या बंगल्याच्या बाई हसल्या. मी म्हणालो, "स्लॅब."

"पूर्ण झालाय?"

"हो."

त्यांनी लिहिलं. एवढंच झालं. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

तुला आठवत असेल, त्या वेळी स्लॅब ठरलेला होता. तात्यांची कंपनी बंद झाल्यावर मिळालेले पैसे बँकेत होते, लोखंड येऊन पडलं होतं, सेंट्रिंगवाल्याला इसार दिला होता. आठ दिवसांनी स्लॅब पडणार होता. माझ्या डोक्यात तो पडलाच होता. तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही, आठ दिवस आधी सांगितलं एवढंच वाटलं. पत्रे म्हणालो असतो तर आठ दिवसांनी परत जिना चढून बदलायला लागलं असतं, असाही विचार केला.

पाचव्या दिवशी आईला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढचं तुला माहीत आहे. पैसे ऑपरेशनला गेले, आई वाचली, त्यात कुणाची चूक नाही. उरलेलं लोखंड तात्यांनी वजनावर विकलं. फक्त कॉलमच्या सळ्या वर राहिल्या, त्यांना आई आता वाळत घालायची दोरी बांधते.

त्यानंतर मी दोन वेळा साहेबांना सांगायला जिना चढलो. दोन्ही वेळा त्यांच्या समोर कुणीतरी बसलेलं होतं. खरं सांगायचं तर कुणी नसतं तरी मी खाली आलो असतो.

मग वर्ष झालं. भूकंप झाला भुजला. सगळी गल्ली विमलाबाईंच्या टीव्हीसमोर बसली होती. जी माणसं तात्यांना 'विमावाले साहेब' म्हणून चिडवायची तीच विचारायला लागली, तात्याराव, किती पडतो हो विमा. तात्या त्या दिवशी म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण या वेळी कागद आहे." मी दारात उभा होतो. पुढच्या महिन्यात ते पैसे भरून आले. त्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती, ती दोऱ्याने बांधली आणि विमा भरला. ते मला रोज दिसायचं, सकाळी पेपर वाचताना, तो दोरा.

जूनमध्ये मी निघालो. तुम्हाला वाटलं, पोरगं एका जागी टिकत नाही, पुण्याचा कंटाळा आला. मीही तेच सांगितलं, या गावात आपलं काही होत नाही म्हणून. तसं माझं टिकत नाही हे खरंच आहे. पण त्या वेळी मी वेगळा हिशोब केला होता. वर्षभर बाहेर काम करायचं, स्लॅबचे पैसे घेऊन यायचं आणि स्लॅब टाकायचा. मग कागदावर लिहिलेलं खरं झालं असतं आणि कुणाला काही सांगायला लागलं नसतं. आता पावणेदोन वर्षं होतील. चार कंत्राटदार झाले. सिमेंटच्या दहा गोण्या येतील एवढेही पैसे साठलेले नाहीत.

आणि मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, पॉलिसी बाहेर काढू नका, फाटेल. ती फाटत नाही. तुला किंवा अक्षताला इंग्रजी वाचता येतं म्हणून लिहिलं.

काल उत्तरेश्वरला सांगितलं. तो पोळ्या लाटत होता. म्हणाला, "म्हणजे तुम्ही तीन वर्षं दुसऱ्याच्याच घराचा विमा भरताय." मी म्हणालो, थट्टा करू नको. तर म्हणाला, "थट्टा नाही. आमच्याकडे त्र्याण्णवच्या भूकंपात मातीच्या माळवदाखाली माणसं गेली. पत्रा अंगावर पडला तर माणूस उठतो. सांगून टाक. बाप चिडेल. चिडू दे की." मग पोळी करपली म्हणून मलाच शिव्या दिल्या.

तर आता करायचं ते असं. सोमवारी पैसे अक्षताच्या परीक्षेला भर. ते पहिलं. विम्याला त्यानंतर सात दिवस आहेत. पॉलिसी पिशवीतून काढ, वाच आणि यज्ञेश्वर साहेबांकडे जाऊन सांग की छत पत्र्याचं आहे. ते म्हणाले की आहे त्या घराचा काढून देतो, तर किती पडतो ते विचार, मी कुणाकडून तरी उचल घेऊन पाठवीन. नाही म्हणाले तर सोडून द्या. आई म्हणते ते तेव्हा बरोबर ठरेल. जे नाही त्याच्यासाठी आठशे चाळीस भरू नका.

तात्यांना हे पत्रच वाचायला दे. तू मध्ये पडून गोड करून सांगशील, ते करू नको. लहानपणापासून तू ते करत आलीस. या वेळी त्यांनी माझ्या अक्षरात वाचू दे.

तुझा
चेतन


गुडगाव,
ता. २३ फेब्रुवारी २००३, रविवार

तात्या,

चेतनचा जयभीम.

तुम्हाला वेगळं पत्र मी कधी लिहिलं नाही. नेहमी ताईच्या पत्रात खाली एक ओळ असायची. त्यामुळे सुरुवात कशी करायची ते कळत नाहीये. माझी तब्येत चांगली आहे. चौथा मजला संपत आलाय, या आठवड्यात ताबा देणार. थंडी कमी झाली.

ताईचं पत्र आलं. तिने सगळं लिहिलंय. अक्षताची फी वेळेवर गेली हे वाचून बरं वाटलं.

माझं पत्र तुम्ही दोनदा वाचलंत, चष्मा काढून ठेवलात आणि बराच वेळ वर पत्र्याकडे बघत बसलात, असं तिने लिहिलंय. मग आईला म्हणालात, "तीन वर्षं आपण स्लॅबखाली झोपतोय. मला कुणी सांगितलंच नाही." आई हसली, अक्षता हसली, तुम्ही हसला नाहीत. ते मी इथे बसून तीन-चार वेळा वाचलं. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं. पण त्या खायला मी तिथे पाहिजे होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताईला घेऊन दोन बस बदलून बुधवार पेठेत गेलात. यज्ञेश्वर साहेबांनी जुनी फाइल काढली आणि विचारलं, "हे छताचं कोणी सांगितलं होतं?" तुम्ही म्हणालात, "खाली सही माझी आहे." साहेबांनी परत विचारलं, फॉर्म घेऊन एक मुलगा आला होता ना. तर तुम्ही परत तेच म्हणालात. ताई लिहिते, मला बोलायचं होतं, पण तात्यांनी माझा हात दाबला.

तात्या, सही तुमची होती, तोंड माझं होतं. साहेब परत भेटले तर त्यांना सांगा. मला पुण्यात आल्यावर त्यांना तोंड दाखवायचं आहे, आणि ते दाखवायचं तर त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

तीन वर्षांत भरलेल्या पैशांचं काय म्हणून तुम्ही विचारलंत. साहेब म्हणाले, ते गेले. काही झालं असतं तर भांडत बसावं लागलं असतं, झालं नाही हे नशीब समजा. तुम्ही म्हणालात, "हरकत नाही. स्लॅबचं भाडं समजतो." ताई म्हणते, साहेबांना हसावं की नाही ते कळेना.

पत्र्याच्या घराची किंमत कमी, म्हणून विमाही कमी, सव्वापाचशेच्या आसपास, हे कळलं. साहेब आधी स्वतः येऊन घर बघणार हेही बरं झालं. मी उत्तरेश्वरकडून पाचशे पन्नास घेतलेत. काल मनीऑर्डर केली. ते फक्त विम्याचे आहेत, आईला सांगा त्यातून गॅस आणू नको. त्याचे पैसे मी ताबा दिल्यावर फेडीन, त्याची काळजी करू नका. आईला पटत नसेल तर तिला एवढंच सांगा, की शेगड्या तिच्याच आहेत आणि आता जळेल ते आपलं जळेल, त्याचे पैसे मिळतील.

स्लॅबचं मी आता बोलणार नाही. होईल तेव्हा होईल. दिवाळी म्हणून लिहिलं होतं ते मनातून काढून टाका.

आता फॉर्मचं. ताईने लिहिलंय की नवीन फॉर्म तुम्ही तिथे भरला नाहीत, घरी घेऊन आलात. या वेळी कोऱ्या कागदावर सही करायची नाही म्हणालात आणि जेवणाच्या पाटावर ठेवून अक्षताकडून एकेक प्रश्न मराठीत करून घेतलात. भिंती झाल्या, छत झालं, शेगड्या झाल्या, वायर जुनी आहे तेही लिहायला लावलंत. शेवटी एक रकाना राहिला, घरात किती माणसं राहतात. अक्षता पाच लिहायला लागली तर तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "थांब. या वेळी खरं लिहायचंय. त्यालाच विचारा, चार की पाच."

ताईने ते तसंच लिहून पाठवलं, पुढे काही लिहिलं नाही. पत्र तिथेच संपलंय.

चार दिवस झाले, मी कामावर जातो, टाइल बसवतो आणि हाच प्रश्न डोक्यात घेऊन खाली उतरतो. उत्तरेश्वर म्हणाला, पाच लिही, एका आकड्याने काय होतंय. एका शब्दानेच झालं होतं, असं मी त्याला सांगितलं.

कंत्राटदाराने जयपूरचं काम घेतलंय. मार्चपासून तीन महिने. मी हो म्हणालोय, कारण उत्तरेश्वरचे फेडायचे आहेत आणि हातात काही घेतल्याशिवाय मला यायचं नाही. त्यानंतर यायचा विचार आहे. हडपसरलाही आता असली ऑफिसं होतायत म्हणे, तिथेही कुणालातरी छत टांगावं लागेलच. विचार आहे, एवढंच सांगतो. तारीख देत नाही.

तात्या, चार लिहा.

पाच लिहावं असं मला वाटतं. पण मागच्या वेळीही मी वाटलं तेच सांगितलं होतं. मी आलो, माझी पेटी घरात ठेवली, महिनाभर राहिलो, की साहेबांकडे मी स्वतः जाईन आणि चाराचे पाच करून घेईन. त्याला काही पैसे पडत असले तर ते मी देईन.

तोपर्यंत फॉर्मवर जे आहे ते बरोबर आहे. सही करा.

तुमचा मुलगा,
चेतन
सध्या राहणार गुडगाव